जिचा मुकुट तिच्याच डोक्याला

आमच्या बाळाचं डोकं मोठं आहे, हे सगळ्यांत आधी सासऱ्यांच्या लक्षात आलं. एका दुपारी त्याला मांडीवर घेऊन ते म्हणाले, "काय रे भोपळ्या?" बाळ हसलं, सासरे हसले, आणि नाव चिकटलं ते चिकटलंच. त्या दोघांची करमणूक झाली आणि माझी झोप उडाली.

मी संख्याशास्त्र घेऊन पदवी मिळवलेली आहे. सरासरीच्या वर कुणीतरी असावंच लागतं, नाहीतर तिला सरासरी म्हणत नाहीत, हे मी परीक्षेत आकृती काढून दाखवलेलं आहे. पण ते 'कुणीतरी' आपल्याच मांडीवर बसून आपल्या वेणीचं टोक चघळत असलं, की पदवी भिंतीवर लटकत राहते आणि आपण दवाखान्याच्या रांगेत.

दवाखाना आमच्या रस्त्याच्या टोकाला. डॉक्टर माझ्याच वयाच्या, बाकी सगळ्या बाबतींत माझ्या उलट. एखादं मूल टेबलावरून घरंगळत असलं तरी त्या घाई न करता नेमक्या वेळी हात पुढे करतील, असं वाटतं. आलेल्या प्रत्येक बाईला त्या 'आई' म्हणतात. नावं लक्षात ठेवायचा त्रास नको म्हणून असेल. त्यांनी बाळाच्या डोक्याला टेप लावली, तक्त्यावर ठिपका दिला आणि म्हणाल्या, "छान आहे डोकं."

"मोठं नाही?"

"आजोबांचं बघितलंय का याच्या?"

सासरे बाहेर बाकावर बसले होते. मी दारातून डोकावून बघितलं. खरंच की. इतके दिवस त्या नजरेने मी कधी बघितलंच नव्हतं.

"पुढच्या लसीला याल तेव्हा मी पुन्हा मोजीन," डॉक्टर म्हणाल्या. "तोवर घरी टेप लावायची नाही. कबूल, आई?"

"कबूल."

दिलेला शब्द मी मोडत नाही. टेप मी लावली नाही. रिबीन लावली.

रिबिनीला आमच्याकडे तोटा नव्हता. घराच्या पुढच्या खोलीत सासूबाई लग्नाच्या मुलींसाठी ताज्या फुलांचे मुकुट करतात. खोलीत एक लांब टेबल, पाण्याच्या बादल्या, भिंतीवर खिळ्यांना टांगलेल्या कात्र्या आणि पकडी, आणि खिडकीशेजारी एक बुचाची पाटी. मुलगी माप द्यायला येते ती केस लग्नातल्यासारखे बांधून. सासूबाई पांढऱ्या साटीनच्या रिबिनीचा तुकडा कापतात, कानांच्या वरून डोक्याभोवती फिरवतात, जिथे टोक मिळतं तिथे शाईच्या पेनाने बारीक खूण करतात आणि तुकडा पाटीला टोचून ठेवतात. त्या मापाची जाड तारेची कडी, कडीवर फुलं. कडी बंद. मागे मोकळी नाही, बांधायला काही नाही.

बाकीची दुकानं मागून मोकळा मुकुट करतात आणि दोन बंद लावून देतात. कुठल्याही डोक्याला बसतो. सासूबाईंना ते बघवत नाही. "मुकुट आहे की झबलं," त्या म्हणतात, "मागे गाठ मारायला? माप घेता येत नाही त्यांनी बंद लावावेत."

त्यांचा दुसरा नियम, जिचा मुकुट तिच्याच डोक्याला. मुलीच्या आधी तो कुणी घालून बघायचा नाही. ना मी, ना त्यांची स्वतःची लेक, ना लाकडी ठोकळा. "दुसऱ्याच्या डोक्यावर चढला की मुकुटाची टोपी होते," असं त्यांचं म्हणणं. मग तो बसला की नाही हे कळणार कसं? त्याचीही कसोटी ठरलेली. मुलगी पोटभर हसली पाहिजे. हसताना मुकुट जागचा हलला नाही, तर बसला. त्यामुळे कुठल्याही लग्नात सासूबाई आधी नवऱ्या मुलीच्या खोलीत जाऊन विनोद सांगतात. त्यांचे विनोद फार वाईट असतात, पण मुली घाबरलेल्या असतात, हसतात.

तर मी त्याच गुंडाळीतून दर आठवड्याला एक तुकडा कापत होते. बाळ झोपलं की हळूच त्याच्या डोक्याभोवती फिरवायची, खूण करायची, आणि तुकडा बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात टाकायचा. डबा मी टेबलाखाली तारांच्या वेटोळ्यांमागे ठेवला होता. कधी आठवडा संपेपर्यंत दम निघत नसे. तेव्हा मधेच एखादा.

अशात सासूबाईंची बोटं दुखायला लागली. तार पिळताना त्या ओठ दाबून धरायच्या. एका सकाळी जेवणाच्या टेबलाशी त्यांनी जाहीर केलं, "आता पुरे. खोली बंद करते."

सासऱ्यांनी हातातला चहाचा कप इतक्या हळू खाली ठेवला की मला संशय आला. निवृत्त झाल्यापासून त्यांचं त्या खोलीवर लक्ष होतं. त्यांना तिथे टेबल टेनिसचं टेबल टाकायचं होतं. बॅटी आणून झाल्या होत्या. आम्ही नसताना ते पावलांनी खोली मोजतात, हे फरशीवरच्या चपलांच्या ठशांवरून मला माहीत होतं.

"मी करीन की मुकुट," मी म्हटलं.

दोघांनी माझ्याकडे बघितलं. बाळानेही बघितलं.

"तू फुलाला तार लावतेस छान," सासूबाई म्हणाल्या. "पण अख्खा मुकुट एकटीने केला नाहीस कधी."

"बाळ लहान आहे," सासरे अतिशय प्रेमाने म्हणाले. "कशाला दगदग?"

मला ती खोली हवी होती. का, ते मी त्या दोघांना सांगितलं नाही, कारण सांगताना वेड्यासारखं वाटलं असतं. दिवसभर माझ्या डोक्यात भीतींची रांग लागलेली असते: शिंकलं का, गिळलं का, श्वास चालू आहे का. गुलाबाच्या देठात तार सरकवताना मात्र डोक्यात एकच भीती मावते, देठ मोडण्याची. बाकीच्या सगळ्या दाराबाहेर ताटकळत उभ्या राहतात. तेवढ्या वेळात मी माणसात येते.

"ठीक आहे," सासूबाई म्हणाल्या. "दवाखान्यातल्या डॉक्टरांचं लग्न आहे. त्यांचा मुकुट तू कर. माप तू घे, कडी तू वळ, फुलं तू लाव. मी हात लावणार नाही, बघणारसुद्धा नाही. बसला तर किल्ली तुझी. नाही बसला तर यांचं ते टुकटुक."

"टेबल टेनिस," सासरे म्हणाले.

डॉक्टर संध्याकाळी माप द्यायला आल्या. केसांचा अंबाडा घातला होता. त्या आमच्या स्टुलावर बसल्या आणि मी त्यांच्या डोक्यामागे उभी राहिले, तेव्हा मला जे समाधान मिळालं ते पदवी घेतानाही मिळालं नव्हतं. सकाळीच मी बाळाचंही माप घेतलं होतं. तो तुकडा डब्यात टाकायचा राहून गेला होता आणि अॅप्रनच्या खिशात पडून होता.

"मोठं आहे का हो माझं डोकं?" डॉक्टरांनी विचारलं.

"छान आहे," मी म्हटलं.

"नाही, लहानपणी सगळे चिडवायचे म्हणून विचारलं."

तेवढ्यात आत बाळाने सूर लावला. भुकेचा होता की लागल्याचा, हे मला पहिल्या सेकंदाला कळत नाही आणि तो सेकंद फार लांब असतो. मी खूण केली, रिबीन बोटांना गुंडाळली, खिशात घातली आणि धावले. परत आले तेव्हा डॉक्टर गेल्या होत्या. मी खिशातून रिबीन काढली आणि पाटीला टोचली.

लग्न दुपारी होतं. ताज्या फुलांचं काम आदल्या दिवशी करता येत नाही, म्हणून मी सकाळीच खोलीत गेले. क्रीम रंगाचे छोटे गुलाब, जिप्सोफिलाची बारीक पांढरी फुलं आणि निलगिरीची कोवळी पानं. बाळाला सासऱ्यांनी अंगणात नेलं होतं. सासूबाई शब्दाला जागल्या. त्यांनी दारात खुर्ची टाकली, माझ्याकडे पाठ केली आणि मटार सोलायला घेतले. बघायचं नाही म्हणाल्या होत्या. ऐकायचं नाही असं त्या म्हणाल्याच नव्हत्या.

मी पाटीवरची रिबीन काढून कडीची तार तिच्यावर धरली.

"तार कमी कापलीस वाटतं," पाठ म्हणाली. "आवाज आखूड आला."

"मापाबरहुकूम आहे, आई."

"लहान डोकं असेल मग."

"असेल. शिकलेली माणसं."

"त्याचा आणि डोक्याच्या आकाराचा संबंध नसतो. तुझ्या सासऱ्यांकडे बघ."

मी कडीवर हिरवी चिकटपट्टी गुंडाळली. मग एकेका फुलाचा देठ आखूड कापायचा, तार लावायची, दोन गुलाब आणि एक जिप्सोफिलाची काडी मिळून एक जुडगा, आणि जुडग्यावर जुडगा, सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला. हात चालायला लागले. भीती एकेक करून बाहेर गेल्या. मधेच सासूबाई म्हणाल्या, "पाणी मार." मी नुकतंच मारलं होतं, पण पुन्हा मारलं. मग म्हणाल्या, "ते पान जास्त होतंय," आणि मी तेव्हा पानाला हातही लावलेला नव्हता. म्हटलं, पाठीलाही मर्यादा असतात.

शेवटचा जुडगा पहिल्याच्या खाली सरकवला. मी मागे सरून बघितलं. सुरेख झाला होता. स्वतःच्या कामाबद्दल असं म्हणू नये, पण तो खरंच सुरेख होता, आणि मी हात धुवायला आणि खोक्यात ओला कागद अंथरायला मोरीत गेले.

परत आले तर सासरे खोलीच्या मधोमध उभे. दारात पाठ होती, म्हणून ते मागच्या दाराने आले होते. त्यांच्या कडेवर बाळ, आणि बाळाच्या डोक्यावर मुकुट.

"बघ," ते कुजबुजले. "आमचा राजा."

मी किंचाळणार होते, नियम मोडला म्हणून. पण तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. कारण मुकुट बाळाच्या गळ्यात पडला नव्हता. नाकावर आला नव्हता. कानांच्या बरोबर वर, भुवयांना न टेकता, चारी बाजूंनी सारखा, टोपीवाल्याने माप घेऊन शिवल्यासारखा बसला होता. बाळ हसलं. मुकुट जागचा हलला नाही.

"काय झालं?" पाठीने विचारलं.

"काही नाही, आई."

"मग श्वास का थांबला तुझा?"

मी गुडघ्यांवर बसून टेबलाखाली शिरले, वेटोळ्यांमागचा डबा ओढला, आणि तिथेच मला सगळं समजलं. शेवटचा तुकडा नव्हता. मग अॅप्रन. खिशाच्या तळाशी, एका सेफ्टीपिनीला अडकून, डॉक्टरांचं डोकं होतं. दोन्ही रिबिनी मी शेजारी धरल्या. चार बोटांचा फरक. त्याहून थोडा जास्तच.

"बाबा," मी हळूच म्हटलं, "त्याच्या डोक्यावरून तो काढा. सावकाश. आणि त्याने एखादं फूल तोंडात घातलं नाही ना, तेवढं बघा."

"एक पाकळी असेल."

"गिळली?"

"दिली असेल सोडून," सासरे म्हणाले. त्यांनी बाळाच्या तोंडात बोट घातलं. बाळ त्यांना चावलं.

नव्या मुकुटाला फुलं उरली नव्हती. वेळही नव्हता. उपाय एकच होता, आणि तो सुचल्यावर मला दारातल्या पाठीकडे बघायचं धैर्य होईना. ज्या ठिकाणी पहिला आणि शेवटचा जुडगा मिळत होता तिथले तीन जुडगे मी सोडवले. खिळ्यावरची मोठी पकड काढली. डोळे मिटले आणि दाबली.

मटाराच्या शेंगा खाली पडल्या.

"ती कडी कापलीस," सासूबाई म्हणाल्या, आणि वळल्या.

दारात त्या, टेबलाशी कापलेला मुकुट हातात घेतलेली मी, खिडकीपाशी भोपळ्याला घेतलेले सासरे. सासरे म्हणाले, "मी फक्त टोपी घालून बघितली." याने परिस्थिती सुधारली नाही.

"मापाची अदलाबदल झाली," मी म्हटलं. "लहान झाला. आता मागून मोकळा ठेवून बंद लावते. गॅप अंबाड्यावर येईल, दिसणार नाही."

"बंद," सासूबाई म्हणाल्या. "या घरातून."

"झबलं म्हणा हवं तर. पण डोक्याला बसेल."

सासूबाईंनी पुढे येऊन खण उघडला, पांढऱ्या रिबिनीची गुंडाळी काढली, आणि ती गुंडाळी नव्हती. नुसता पुठ्ठा होता, त्याला बोटभर रिबीन चिकटलेली.

"ही नवी होती," त्या म्हणाल्या. "आपण मुकुटाला रिबीन लावतच नाही. मग गेली कुठे? आणि लहान झाला म्हणजे कुणाच्या मापाचा झाला?"

मी डबा टेबलावर ठेवला आणि झाकण काढलं. रिबिनी उसळून वर आल्या, प्रत्येकीवर एक निळी खूण. सासूबाईंनी एक उचलली, दुसरी उचलली. मग त्यांनी वळून बाळाकडे बघितलं, बाळाच्या डोक्याकडे बघितलं, आणि त्यांना सगळं कळलं.

मला वाटलं, आता किल्ली गेली. आणि किल्लीबरोबर माझी अब्रू राहिली होती तीही गेली.

"मग," सासूबाईंनी आवाज खाली आणून विचारलं, "वाढतंय ना नीट?"

"नीट वाढतंय."

"मलाही काळजी होती. पण विचारणार कुणाला." त्या सासऱ्यांकडे वळल्या. "सगळं यांच्यामुळे. नातवाला भोपळा म्हणतात. स्वतः कधी आरशात बघितलंय?"

"मी काय केलं?" सासरे म्हणाले.

"गाडी काढा."

मग खोलीत जे सुरू झालं त्यात बोलणं फार नव्हतं. मी कडीची दोन्ही टोकं पकडीने वळवून बारीक फासे केले. डब्यातल्या त्यातल्या त्यात स्वच्छ चार रिबिनी निवडल्या, दोन डाव्या फाशाला, दोन उजव्याला, टोकं तिरपी कापली. सासूबाई खुणा पुसायला ओलं फडकं घेऊन आल्या. पहिल्याच खुणेचा निळा डाग झाला, तेव्हा त्यांनी फडकं ठेवून दिलं. "लांबून दिसत नाही," त्या म्हणाल्या. सोडवलेले तीन जुडगे टेबलावर पडले होते. त्यांनी ते उचलले, केसांच्या आकड्यांवर बसवले, तार पिळताना ओठ दाबले, आणि तिन्ही जुडगे अंबाड्यात खोचायला तयार झाले.

"तुम्ही हात लावणार नव्हतात," मी म्हटलं.

"मी मुकुटाला हात लावलेला नाही. हे मुकुटातून पडलेलं आहे."

सासरे गाडी इतकी सावकाश चालवतात की सायकलवाले आम्हाला बघून हात करतात. मी मागे खोकं मांडीवर घेऊन बसले होते, शेजारी सासूबाईंच्या मांडीवर बाळ. पाकळीचं काय झालं हे मी तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा सासूबाईंनी बाळाचं तोंड माझ्याकडे वळवून उघडून दाखवलं. आत चार दात होते आणि पाकळी नव्हती. यातून काहीच सिद्ध होत नव्हतं.

हॉलच्या मागच्या बाजूला नवऱ्या मुलीची खोली होती. मैत्रिणी कुठेतरी पिना शोधायला गेल्या होत्या. डॉक्टर एकट्याच आरशासमोर बसल्या होत्या, आणि स्वतःच्या मनगटावर दोन बोटं ठेवून नाडी मोजत होत्या.

"किती आहे?" मी विचारलं.

"जास्त आहे," त्या म्हणाल्या. "या. या, आई."

मी मुकुट काढला आणि त्यांच्या डोक्यावर ठेवला. कडी मागून उघडली, थोडी फाकली आणि डोक्याच्या कलाने बसली. मी बंद अंबाड्याखालून नेले, बांधले, आणि ते तीन जुडगे अंबाड्यात खोचले. गॅप म्हणून काही होती, हे मला माहीत नसतं तर मलाही सापडली नसती. बंदांची टोकं मानेवरून खाली आली.

डॉक्टरांनी आरशात बघितलं. बघत राहिल्या. मग खांद्यावरून पुढे आलेली दोन टोकं त्यांनी बोटांत धरली.

"या खुणा कसल्या?"

"डिझाइन," सासूबाई म्हणाल्या. त्यांना खोटं बोलताना मी त्यापूर्वी कधी ऐकलं नव्हतं, आणि सवय नसल्याचं कळत होतं.

डॉक्टरांनी दुसऱ्या बाजूची टोकंही पुढे घेतली. चारही रिबिनी तळहातावर शेजारी ठेवल्या. निळ्या खुणा एकीपेक्षा एक थोड्या खाली होत्या. त्यांनी मान वाकडी करून बघितलं, अगदी दवाखान्यात तक्त्याकडे बघतात तशी.

"ही आधीची," त्या म्हणाल्या. "मग ही. इथे चांगली उडी आहे. आणि शेवटच्या दोन जवळजवळ सारख्या. वेग कमी झालाय. या वयात व्हायलाच हवा." त्यांनी आरशातून माझ्याकडे बघितलं. "आई, मी काय सांगितलं होतं?"

"टेप लावायची नाही."

"मग?"

"टेप नाही लावली."

त्यांच्या ओठांचा एक कोपरा हलला. मुकुट हलला नाही, पण एका कोपऱ्याने कसोटी होत नसते. सासूबाईंनी घसा साफ केला. विनोद सांगायची तयारी करत होत्या, हे मी ओळखलं आणि मनात म्हटलं, आज नको, आज तरी नको. एवढ्यात दार ढकलून सासऱ्यांनी डोकं आत घातलं. गाडी लावून आले होते.

"बसला का?" त्यांनी विचारलं. आरशात बघून ते खूश झाले. "वा. सकाळी आमच्या भोपळ्याला पण अगदी असाच बसला होता."

डॉक्टरांनी सासऱ्यांकडे बघितलं. मग बाळाकडे. मग हातातल्या रिबिनींकडे, आणि अंबाड्यामागे हात नेऊन गाठ चाचपली. शिकलेली बाई, एक एक दुवा जुळत गेलेला मला आरशात दिसला. आणि मग त्या हसायला लागल्या. आधी बिनआवाजाचं, मग खांदे हलायला लागले, मग त्यांनी टेबलाची कड धरली, डोळ्यांतलं काजळ वाचवायला मान मागे टाकली, पुढे घेतली, पुन्हा मागे टाकली. बाळालाही हसू फुटलं. सासरे काय झालं हे न कळून सोबतीला हसले.

सासूबाई हसल्या नाहीत. त्या फक्त मुकुटाकडे बघत होत्या. मीही.

हलला नाही.

हसू ओसरल्यावर डॉक्टरांनी पुन्हा मनगटावर बोटं ठेवली आणि समाधानाने मान हलवली. पण लगेच त्यांचा चेहरा बदलला. हा चेहरा मला नवा नव्हता, मी रोज आरशात बघते.

"हा पडणार नाही ना? मी वाकले तर?"

"नाही पडणार."

"आणि फुलं सुकली तर? आत्ताच एक जरा मलूल वाटतंय. हे बघा, हे. असं असतं का?"

"असतं. छान आहे."

"मधमाशी आली तर?"

मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. दवाखान्यातला तो शांत आवाज माझ्या गळ्यात कुठून आला कोण जाणे.

"सगळं व्यवस्थित आहे," मी म्हटलं. "फक्त दर पाच मिनिटांनी हात लावून बघायचं नाही. कबूल?"



"कबूल, आई," डॉक्टर म्हणाल्या.

लग्नात मी मागच्या रांगेत बसून सगळा वेळ बघितलं. त्यांनी मुकुटाला हात लावला नाही. रिबीन मात्र पुन्हा पुन्हा चाचपत होत्या. शब्दाला त्याही माझ्यासारख्याच पक्क्या.

घरी परतलो तेव्हा सासरे एक बॅट हातात घेऊन अंगणात उभे राहिले आणि अंगणाची लांबी नजरेने मोजू लागले. त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं, पण लग्नाला इतकी वर्षं झालेल्या माणसाला सांगावं लागत नाही. "पाऊस आला तर टेबल आत घ्यावं लागेल," ते एवढंच म्हणाले. "मग पावसात खेळू नका," सासूबाई म्हणाल्या.

मी खोलीत जाऊन पडलेल्या मटाराच्या शेंगा गोळा करत होते. सासूबाई आल्या, खणात काहीतरी शोधलं, आणि किल्ली माझ्यासमोर टेबलावर ठेवली. किल्लीला पिवळ्या रिबिनीचा लांबलचक तुकडा बांधलेला होता.

"ही पिवळी बाळाची," त्या म्हणाल्या. "मोजायचंच असेल तर हिच्याने मोज. पांढरीला हात लावायचा नाही."

"हो, आई."

"आणि बंदवाला मुकुट ही आजची गोष्ट. उद्यापासून बंद कडी."

"हॉलमध्ये दोघींनी मला विचारलं. त्यांना असाच हवा आहे. मागे रिबीन सोडलेला."

सासूबाईंनी खिडकीबाहेर बघितलं. अंगणात सासरे एकटेच हवेत बॅट फिरवत होते.

"खुणा असलेला?" त्यांनी विचारलं.

"एकीला खुणा असलेला."

"लोकांना काय आवडेल सांगता येत नाही," त्या म्हणाल्या, आणि बाळाला माझ्या कडेवर देऊन मटार घेऊन आत गेल्या.

मी किल्ली उचलायच्या आधी बाळाने ती उचलली आणि तोंडात घातली. मी ओढून काढली. किल्ली जुनी होती, टोकाला लालसर गंज. तो गंज आत्ताच थोडा कमी झाला की आधीच तेवढा होता, हे मला आठवेना. मी दवाखान्याच्या दिशेने बघितलं. दवाखाना आठवडाभर बंद होता.

मी बाळाला टेबलाशेजारी त्याच्या खुर्चीत बसवलं, किल्ली खिळ्याला टांगली, बादलीत उरलेला एक मोडका गुलाब घेतला आणि त्याच्या देठात तार सरकवायला सुरुवात केली.